रेझ्युमे: लोटे, महाड, कुडाळ, गोवा आणि जहाजावरच्या नोकरीसाठी नेमकं काय लिहायचं

वाशिष्ठी

चिपळूण-खेड-महाड पट्ट्यातल्या केमिकल आणि फार्मा कंपन्यांत अर्ज करणाऱ्या मुलामुलींसाठी हा धागा काढतेय. जहाज, हॉटेल, मासळी प्रक्रिया यांतलं मला फारसं कळत नाही, ते जाणकारांनी खाली भर घालून लिहावं. नमुन्याच्या ओळी मराठीत देतेय, म्हणजे अर्थ नीट पोचेल. कंपनीला पाठवताना हेच साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायचं.

आधी हे समजून घ्या की कागद वाचतो कोण. लोट्यातल्या (खेड तालुक्यातली एमआयडीसी) मध्यम युनिटमध्ये एचआरवाले मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले रेझ्युमे छापून काढतात आणि तो गठ्ठा प्रॉडक्शन मॅनेजर नाहीतर क्यूसी (माल तपासणारी लॅब) हेडच्या टेबलावर जातो. तो माणूस प्लांटवर राउंड मारून आलेला असतो. त्याला एवढंच हवं असतं: याला उद्या शिफ्टला उभं केलं तर काय येईल, आणि काय शिकवावं लागेल? 'मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड' यातून त्याला काहीच मिळत नाही, कारण गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदावर तेच लिहिलेलं असतं.

सर्रास दिसणारी ओळ अशी असते:

'प्रॉडक्शन विभागात दोन वर्षे काम केले. सर्व मशीनचा अनुभव.'

तोच माणूस, तेच काम, पण असं लिहिलं तर:

'प्रॉडक्शन केमिस्ट, एपीआय इंटरमीजिएट प्लांट, लोटे. जून २०२२ ते मे २०२४. ५ आणि ८ केएलचे ग्लासलाइन्ड रिअ‍ॅक्टर ४, एसएस रिअ‍ॅक्टर २, सेंट्रिफ्यूज २, रोटरी कोन व्हॅक्यूम ड्रायर १. क्लोरिनेशन, अ‍ॅसिटिलेशन, सॉल्व्हंट रिकव्हरी. शिफ्टमध्ये ४ ऑपरेटर आणि ३ हेल्पर. बीएमआर भरणे, लाइन क्लिअरन्स, इन-प्रोसेस सॅम्पल, वर्क परमिट.'

(एपीआय म्हणजे औषधाचा मूळ घटक, केएल म्हणजे हजार लिटर, बीएमआर म्हणजे बॅचची नोंद.) यात एकही विशेषण नाही. पण 'ग्लासलाइन्ड' हा एकच शब्द मॅनेजरला बरंच सांगून जातो. गरम जॅकेटमध्ये एकदम थंड पाणी सोडलं तर काचेच्या अस्तराला तडा जातो, मॅनहोलमधून पान्हा पडला तरी टवका उडतो, आणि मग आतलं अ‍ॅसिड लोखंड खायला लागतं. ज्याने दोन वर्षं असे रिअ‍ॅक्टर सांभाळलेत त्याला हे सांगत बसावं लागत नाही. 'क्लोरिनेशन' लिहिलंत की स्क्रबर, गॅस डिटेक्टर, श्वसनाचा मास्क हे सगळं ओघाने आलं, आणि मुलाखतीत त्यावरच विचारणार. म्हणून जे केलंय तेवढंच लिहा.

प्रॉडक्टचं नाव आणि कस्टमरचं नाव लिहू नका. बहुतेक नेमणूकपत्रांत गोपनीयतेचं कलम असतं, आणि आधीच्या कंपनीची माहिती उघडी टाकणारा उद्या आपलीही टाकेल, असं वाचणाऱ्याला वाटतं. रिअ‍ॅक्शनचा प्रकार, रिअ‍ॅक्टरची क्षमता, बॅचचा साधारण आकार एवढं पुरतं.

क्यूसीवाल्यांनी 'एचपीएलसी हाताळले' (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) इथे थांबू नये. कुठल्या मेकचं मशीन, कुठलं सॉफ्टवेअर (एम्पॉवर, लॅबसोल्यूशन्स, केमस्टेशन), शिफ्टला साधारण किती सॅम्पल, मोबाइल फेज स्वतः बनवत होता का, कॅलिब्रेशन केलंय का, सिस्टीम सुटेबिलिटी फेल झाली तर काय केलं, हे दोन-तीन ओळींत येतं. कार्ल फिशर, जीसी, पोलारिमीटर यांचं तसंच. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लांबून पाहिलेलं मशीन 'अनुभव' म्हणून लिहिलं की टेलिंग फॅक्टरच्या (मशीनच्या आलेखातलं शिखर किती तिरकं, ते) पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं, आणि मग कागदावरच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

क्रम: नाव, मोबाइल, ईमेल, गाव-तालुका. मग दोन ओळींत 'मी कोण आणि काय शोधतोय'. मग काम, अलीकडचं आधी. मग शिक्षण. मग कोर्स. पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान बस्स होतं.

कातळसडा

ताई, उत्तम धागा. आयटीआयवाल्यांचं मी लिहितो, कारण त्यांचे रेझ्युमे सगळ्यात उपाशी असतात. ट्रेडचं नाव आणि टक्के, संपलं.

एकतर ट्रेडचं नाव पूर्ण लिहा. 'एओसीपी' लिहिलं की केमिकलवाल्यांना कळतं, पण इतर कंपन्यांच्या एचआरला कळेलच असं नाही. अटेंडंट ऑपरेटर (केमिकल प्लांट), दोन वर्षं, असं लिहावं. प्रमाणपत्र एनसीव्हीटीचं (केंद्राचं) की एससीव्हीटीचं (राज्याचं) ते टाका. अप्रेंटिसशिप केली असेल तर ती शिक्षणात घुसडू नका, कामाच्या अनुभवात वेगळी घ्या: कंपनी, विभाग, किती महिने. शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते ठळक करा. पुष्कळ मुलं वर्ष भरतात आणि परीक्षेला बसतच नाहीत, त्यामुळे ज्याच्याकडे ते आहे त्याचा कागद वर येतो.

फिटरने 'पंप मेंटेनन्स' लिहिलं तर घरच्या विहिरीवरचा मोनोब्लॉकही पंपच. असं लिहा: सेंट्रिफ्यूगल आणि मॅग्नेटिक ड्राइव्ह पंप, किती एचपीपर्यंत, मेकॅनिकल सील बदलणे, ग्लँड पॅकिंग, बेअरिंग बदलणे, डायल गेजने कपलिंग अलाइनमेंट. डायल गेज हा शब्द महत्त्वाचा. जो फूटपट्टी लावून कपलिंग जुळवतो त्याचा पंप थरथरतो आणि सील महिन्याभरात पुन्हा गळायला लागतो. मेंटेनन्स हेड हे सोसून बसलेला असतो, म्हणून त्याची नजर तिथे थांबते.

वेल्डरने पोझिशन (३जी, ६जी), पद्धत (आर्क, टिग), पाइपचा व्यास आणि धातू लिहावा, आणि क्वालिफिकेशन टेस्ट कधी झाली ते. इलेक्ट्रिशियनने ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा, एचटी (उच्च दाबाच्या) पॅनेलवर काम केलंय का, व्हीएफडीचे (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) पॅरामीटर बदलता येतात का, फ्लेमप्रूफ फिटिंग माहीत आहे का. वायरमन किंवा सुपरवायझर परवाना असेल तर क्रमांक आणि कधीपर्यंत वैध ते. बॉयलरवाल्याने पहिल्या की दुसऱ्या वर्गाचं प्रमाणपत्र, बॉयलर किती टनाचा, किती प्रेशरचा, इंधन काय (ब्रिकेट, कोळसा, फर्नेस ऑइल) हे लिहिलं की त्याला वेगळ्या शिफारशीची गरज पडत नाही.

सुरंगी

वाशिष्ठीताई, नुकतीच बीएससी झालेली, अनुभव शून्य असलेली मुलगी काय लिहिणार? घरातल्या मुलीसाठी विचारतेय. आत्ताचा तिचा कागद अर्धा रिकामा आहे आणि उरलेल्या जागेत छंद: वाचन, गाणी ऐकणे.

वाशिष्ठी

सुरंगीताई, फ्रेशरकडे तीन गोष्टी असतात आणि तिन्ही लिहायच्या राहतात.

प्रोजेक्ट. 'पाण्याचे पृथक्करण' एवढं शीर्षक नको. 'वाशिष्ठी नदीच्या ५ ठिकाणांचे १५ नमुने. पीएच, टीडीएस, ईडीटीएने कठीणता, विंकलर पद्धतीने विरघळलेला ऑक्सिजन. प्रत्येक टायट्रेशन तीनदा' असं लिहिलं की मुलीने ब्युरेट हातात धरलाय हे कळतं.

दुसरं, इनप्लांट ट्रेनिंग किंवा इंडस्ट्रियल व्हिजिट. १५ दिवसांचं असलं तरी दिवस लिहून टाका. एका दिवसाच्या व्हिजिटला मात्र 'ट्रेनिंग' म्हणू नका.

तिसरं, लॅबमध्ये स्वतःच्या हाताने काय येतं: ०.१ नॉर्मल द्रावण बनवून स्टँडर्डाइझ करणं, मेल्टिंग पॉइंट, टीएलसी, क्रिस्टलायझेशन, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर. एक्सेल येत असेल तर 'एमएस-सीआयटी' एवढ्यावर थांबू नका. सरासरी, ग्राफ, साधे फॉर्म्युले, जे येतं ते नाव घेऊन लिहा.

छंद काढून टाका. त्या जागी 'तिन्ही शिफ्ट चालतील' किंवा 'जनरल आणि पहिली शिफ्ट' लिहा. मुलींच्या बाबतीत कंपनीला रात्रीच्या शिफ्टसाठी ने-आण आणि इतर सोयी बघाव्या लागतात, त्यामुळे हे आधीच स्पष्ट असलेलं दोघांच्याही सोयीचं. आणि बसचं. लोट्याला चिपळूण आणि खेड दोन्हीकडून कंपन्यांच्या बस येतात. राहतं ठिकाण हायवेपासून आत असेल तर 'पिकअप पॉइंटपर्यंत स्वतःची दुचाकी' ही चार शब्दांची ओळ फार काम करते.

मिऱ्या_बंदर

मजकुराचं झालं, आता फाइलचं. कारण चांगला मजकूर फाइलमध्येच मरतो.

बरेच रेझ्युमे झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत बनतात. दुकानदार आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडतो आणि नाव-पत्ता बदलतो. मागे काय राहतं? खालच्या 'ठिकाण' मध्ये पुणे, दिनांक दोन वर्षांपूर्वीचा, 'उद्दिष्ट' मध्ये बँकिंग क्षेत्र. आणखी एक न दिसणारी चूक: फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक आणि शीर्षक म्हणून त्या जुन्या गिऱ्हाइकाचं नाव. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडली की वरच्या टॅबवर तेच नाव झळकू शकतं. वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, तिथे टायटल आणि ऑथर दोन्ही तपासा. दुकानातून निघताना छापील प्रतीसोबत वर्डची फाइल आपल्या मेलवर मागून घ्या. नाहीतर मोबाइल नंबर बदलला तरी तीच जुनी पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहते आणि कंपनीचा फोन भलत्याच माणसाला जातो.

बाकीची मापं: कागद ए-४, समास चारी बाजूंनी साधारण २ सेंमी, मजकूर ११ पॉइंट, नाव १४ ते १६. फॉन्ट कॅलिब्री किंवा एरियल. एकच कॉलम. डावीकडे रंगीत पट्टी, त्यात चांदण्या आणि 'कम्युनिकेशन ८०%' असली टेम्प्लेटं टाळा. मोठ्या कंपन्यांत आणि नोकरीच्या वेबसाइटवर रेझ्युमे आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम असले की ते काही वेळा डावी ओळ आणि उजवी ओळ एकाला एक जोडून वाचतं. टेक्स्ट बॉक्समधला किंवा हेडरमधला मोबाइल नंबर काही सॉफ्टवेअर बघतच नाहीत. आणि लहान कंपनीत काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर फिकट करडी अक्षरं उठतच नाहीत.

एका मिनिटाची तपासणी: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळी क्रमाने आल्या, नंबर पूर्ण आला, तर फाइल ठीक. काहीच पेस्ट झालं नाही तर तो फोटो आहे, पीडीएफच्या कपड्यातला. मराठी रेझ्युमे श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केला असेल तर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या.

फाइलचं नाव: आडनाव, नाव, पद. 'न्यू रेझ्युमे फायनल २' नको. एचआरच्या फोल्डरमध्ये त्या नावाच्या वीस फायली असतात. आकार ३०० केबीच्या आत. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो नको. आणि सोबत एक ओळ: पद, शिक्षण, अनुभव, राहणार कुठे. नुसती फाइल टाकून 'सर जॉब आहे का' विचारलं तर समोरच्याने ती उघडावी कशासाठी?

कर्ली

मिऱ्या, मोबाइल नंबरचं अजून एक. आमच्याकडे वाडीत रेंज घरामागे एका कोपऱ्यात येते. कंपनी एकदा फोन लावते, लागला नाही की पुढच्या नावाकडे जाते. दोन नंबर द्या, दुसरा वेगळ्या नेटवर्कचा, आणि त्यापुढे कोणाचा ते लिहा (भाऊ, वडील). त्या माणसाला सांगून ठेवा की कंपनीचा फोन येईल, नाव आणि नंबर लिहून घे.

आता फोटो. मिऱ्या आणि वाशिष्ठीताईंनी फोटोबद्दल काहीच लिहिलं नाही. माझं मत, लावावा. हॉटेलात सगळे मागतात.

वाशिष्ठी

कर्लीदादा, प्लांटच्या नोकरीला नको. जागा खातो, फाइल जड करतो, छापल्यावर काळा ठिपका दिसतो. हॉटेल, क्रूझ आणि आखातातल्या नोकऱ्यांना मागतात तिथे लावावा: साधी पार्श्वभूमी, अलीकडचा, लग्नातला कापलेला नको.

त्याच ओघात सांगते, हे काढा: आधार क्रमांक, पॅन, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय, उंची-वजन, रक्तगट. हा कागद किती हातांतून आणि किती ग्रुपांतून फिरतो याचा विचार करा. आधार आणि पॅन निवड झाल्यावर एचआरला द्यायचे. 'वरील माहिती सत्य आहे' हे प्रतिज्ञापत्र सरकारी अर्जात असतं. खासगी कंपनीच्या रेझ्युमेत त्या तीन ओळींत एक मशीन मावलं असतं.

कातळसडा

प्रतिज्ञापत्राबद्दल थोडा असहमत. जुन्या वळणाच्या मालकाच्या कंपनीत खाली सही आणि तारीख बघायची सवय असते. हातोहात द्यायच्या प्रतीवर सही करून द्यावी, मेलच्या प्रतीत नसली तरी चालेल.

वाशिष्ठी

हे पटलं. हातोहात देताना सही ठेवा.

गलबत

जहाजवाल्यांसाठी. वर जे जे टाळायला सांगितलंय त्यातलं बरंचसं इथे उलटं आहे. मर्चंट नेव्हीच्या रेझ्युमेत तक्ते लागतात, आणि कागदपत्रांचे क्रमांकही लागतात, कारण एजंट त्यावरूनच पडताळणी करतो.

पहिला तक्ता कागदपत्रांचा: पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक), इंडॉस क्रमांक (खलाशाचा ओळख क्रमांक), मेडिकल, यलो फीव्हरची लस. प्रत्येकापुढे क्रमांक, कुठे दिलं, कधी दिलं, मुदत असेल तर कधी संपते. दुसरा तक्ता एसटीसीडब्ल्यूच्या (खलाशांच्या प्रशिक्षणाचे आंतरराष्ट्रीय नियम) कोर्सचा. पाच प्राथमिक: पीएसटी (समुद्रात जीव वाचवणं), एफपीएफएफ (आग विझवणं), ईएफए (प्रथमोपचार), पीएसएसआर (स्वतःची सुरक्षा आणि जबाबदाऱ्या), एसटीएसडीएसडी (जहाजाची सुरक्षा). यातल्या पीएसटी आणि एफपीएफएफला पाच वर्षांनी रिफ्रेशर लागतो. मुदत संपत आली असेल तर रिफ्रेशरची तारीख ठरवून तीच लिहा. जहाज लागायच्या आठवड्यात मुदत संपलेली निघाली की नाव यादीतून जातं. टँकरवर जायचं असेल तर ऑइल, केमिकल, गॅस यांपैकी कुठला बेसिक कोर्स आणि कुठलं एन्डॉर्समेंट ते स्वतंत्र ओळीत.

तिसरा तक्ता सी-टाइमचा (जहाजावर काढलेल्या दिवसांचा), आणि तो सगळ्यात जास्त चुकतो. रकाने: जहाजाचं नाव, प्रकार (बल्क, कंटेनर, टँकर), झेंडा, ग्रॉस टनेज, इंजिनवाल्यांनी इंजिनचा मेक आणि किलोवॅट, पद, कंपनी, साइन-ऑन, साइन-ऑफ, महिने आणि दिवस. तारखा सीडीसीतल्या शिक्क्यांवरून उतरवा, आठवणीवरून नाही. 'मार्च ते सप्टेंबर' असं लिहिलं तर सहा महिने की सात? सीडीसीत ५ मार्च ते २१ ऑगस्ट निघालं की सगळा कागद संशयात. रेटिंगवाल्यांनी वॉचकीपिंग प्रमाणपत्र, कुकने शिप कुकचं प्रमाणपत्र वर आणावं.

मच्छीमारी ट्रॉलरवर काम केलेल्या मुलांसाठी: ते दिवस व्यापारी जहाजाच्या सी-टाइमच्या तक्त्यात घालू नका. वेगळं शीर्षक द्या, 'मच्छीमारी नौकेवरील अनुभव', आणि त्यात किती सिलिंडरचं इंजिन, जीपीएस आणि फिश फाइंडर, जाळी आणि वायर रोप, विंच, व्हीएचएफ हे लिहा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ यांसारख्या फेरीबोटीवर आणि बंदरातल्या टगवर काम शोधायचं असेल तर हा अनुभव फार उपयोगी आहे. तिथे सारंगचा किंवा इंजिन ड्रायव्हरचा परवाना असेल तर तो पहिल्या ओळीत.

शेवटचं, आणि हे मनापासून लिहितो. रेझ्युमे पाठवण्याआधी एजंटचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा परवाना) क्रमांक डीजी शिपिंगच्या (केंद्राचं जहाज खातं) वेबसाइटवर तपासा. परवानाधारक एजंटला खलाशाकडून नोकरी लावण्याचे पैसे घेता येत नाहीत. नियमाने बंदी आहे. जो रेझ्युमे बघायच्या आधी रक्कम सांगतो, त्याच्याकडे पासपोर्ट तर नाहीच, पासपोर्टचा क्रमांकही देऊ नका. किनाऱ्यावरच्या किती घरांची गलबतं अशी बुडाली आहेत.

सुरंगी

गलबतदादा, हे शेवटचं वर चिकटवून ठेवायला हवं.

कर्ली

हॉटेलचं लिहितो. तारकर्ली, गणपतीपुळे, आणि आमच्याकडून गोव्याला जाणारी मुलं. इथे 'हॉटेलमध्ये सर्व कामे' हा रोग आहे.

फ्रंट ऑफिस: किती खोल्यांचं, कुठलं सॉफ्टवेअर (आयडीएस, ऑपेरा की वही), ऑनलाइन बुकिंगच्या साइटवर दर आणि खोल्या बदलता येतात का, परदेशी पाहुण्यांचा सी-फॉर्म (सरकारला द्यायची त्यांच्या मुक्कामाची माहिती) भरलाय का. सी-फॉर्म लिहिलेला असला तर गोव्यातला मॅनेजर नक्की बोलावतो, कारण परदेशी पाहुणा आल्यावर तो २४ तासांत भरावा लागतो आणि नव्या मुलाला ते माहीत नसतं.

हाउसकीपिंग: शिफ्टला किती खोल्या काढता, बाथरूमसकट. किचन: कुठला विभाग (तंदूर, करी, कॉन्टिनेंटल, सीफूड), एका वेळेला किती कव्हर (जेवणारे पाहुणे). 'मालवणी जेवण येतं' याऐवजी 'सुरमई, पापलेट, बांगडा साफ करून काप करणं, दिवसाला २५ किलो. सोलकढी, तिरफळ घातलेली आमटी ५० ताटांपर्यंत' असं लिहा. सर्व्हिसवाल्याने भाषा लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे बोलता येते की फक्त समजते ते. कोकणी समजत असेल तर आवर्जून.

स्कुबावाल्यांनी प्रमाणपत्राची पातळी (ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर), संस्था, आणि लॉगबुकात नोंदलेल्या डाइव्हची संख्या लिहावी. पर्यटकांना धरून मारलेल्या उथळ डाइव्ह आणि स्वतःच्या खोल डाइव्ह वेगळ्या दाखवा.

आणि राहण्याची सोय लागेल की नाही ते लिहा. गोव्यात निम्म्या फोनवर पहिला प्रश्न तोच.

बावनदी

माझा प्रश्न खंडाबद्दल आहे. आमच्या भागातली मुलं नोकरी सोडून फेब्रुवारी ते मे घरच्या बागेत असतात. रेझ्युमेत दोन-तीन वर्षांत चार-चार महिन्यांची भोकं पडतात. लपवायची कशी?

कातळसडा

लपवू नका. तारखा फक्त वर्षांत लिहून झाकणाऱ्यांचं भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत उघडं पडतं. यूएएनच्या (निधीचा कायमचा खाते क्रमांक) पासबुकात कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यात पैसे भरले ते दिसतं, आणि पार्श्वभूमी तपासणारे ते मागतात. महिना-वर्ष स्पष्ट लिहा.

बाग हे काम आहे, तर कामासारखं लिहा. 'घरची हापूस बाग, १२० कलमं. मोहोरापासून फवारणी वेळापत्रक आणि नोंदवही, झेल्याने तोडणी, वजनानुसार प्रतवारी, अढी लावणं, ४ ते ६ डझनी पेट्या भरणं, हंगामात ८ मजुरांची हजेरी आणि पगार.' निर्यातीसाठी मँगोनेटवर (निर्यातीच्या आंबाबागांची सरकारी नोंद) बागेची नोंदणी केली असेल तर तीही. कीटकनाशकं-खतांच्या कंपन्या, कॅनिंगचे कारखाने, पॅकहाउस, कोल्ड स्टोरेज यांना याच माणसाची गरज असते. साका (आत खराब झालेला गर) कुठल्या फळात निघतो हे जो ओळखतो, तो कॅनिंगच्या कारखान्यात माल उतरवून घ्यायच्या जागी सोन्यासारखा.

पण एक प्रश्न येणारच: 'पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जाणार का?' त्याचं उत्तर रेझ्युमेतच द्या. बाग आता भाऊ किंवा गडी बघतो आणि वर्षभर उपलब्ध आहे, तर तसं एका ओळीत. जाणारच असाल तर हंगामी किंवा कंत्राटी काम मागा, आणि तसंच लिहा.

मिऱ्या_बंदर

मासळी प्रक्रियेचं राहिलं म्हणून थोडक्यात. रत्नागिरीतल्या प्रोसेसिंग युनिटना सुपरवायझर आणि क्यूएसाठी (गुणवत्ता विभाग) हवं असतं: हॅसेपचं (अन्नसुरक्षेची पद्धत) प्रशिक्षण, प्लेट फ्रीझर की ब्लास्ट की आयक्यूएफ (एकेक नग सुटा गोठवणं), उणे १८ अंशांच्या स्टोअरची तापमान नोंद, कोळंबीचं काउंट (ठराविक वजनात किती नग) काढणं, हात धुण्याच्या आणि भांडी धुण्याच्या पाण्यातलं क्लोरीन किती पीपीएम ठेवता, मेटल डिटेक्टरची तपासणी किती वेळाने. फिशरीज कॉलेजच्या मुलांनी सेमिस्टरचे विषय लिहीत बसू नये, प्लांटमधल्या ट्रेनिंगचे आठवडे लिहावेत.

बावनदी

कातळसडादादा, आभार, बागेची ओळ तशीच लिहून घेतो. आणि अपेक्षित पगार लिहायचा का?

वाशिष्ठी

रेझ्युमेत नाही. मागितला असेल तर मेलमध्ये किंवा फॉर्ममध्ये. आणि लिहाल तेव्हा हातात येणारा की सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) ते स्पष्ट करा. सीटीसीत कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, कधी कधी बस आणि कँटीनही धरलेलं असतं. २२ हजार सीटीसीचे हातात १८-१९ पण येऊ शकतात. नोटीस पीरियड मात्र रेझ्युमेत हवाच. शटडाउनच्या आधी माणूस हवा असलेली कंपनी ३० दिवसवाल्याला ६० दिवसवाल्याच्या आधी बोलावते.

सुरंगी

शेवटचा प्रश्न. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि लग्नानंतर बँकेत तिसरंच नाव. रेझ्युमेवर कुठलं लिहायचं?

वाशिष्ठी

दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव, त्याच स्पेलिंगने. क्रम बदलला तरी चालतो, स्पेलिंग नाही. 'ई' च्या जागी 'आय', मधेच एक जादा 'ए', यावर पुढे भविष्य निर्वाह निधीचं खातं आधारशी जुळत नाही आणि मग दुरुस्तीच्या फेऱ्या. लग्नानंतरचं नाव वापरायचं असेल तर राजपत्रात नावबदल करून घ्यावा, आणि तोवर रेझ्युमेत नव्या नावाखाली बारीक अक्षरांत 'प्रमाणपत्रांवरील नाव' म्हणून जुनं. राजपत्राची प्रत प्रमाणपत्रांच्या एकत्र पीडीएफमध्ये पहिल्या पानावर.

गलबत

जहाजवाल्यांनी मात्र पासपोर्टवर आहे तेच, अक्षर न् अक्षर. सीडीसी, कोर्स, मेडिकल, व्हिसा, विमानाचं तिकीट, सगळं त्यावरच निघतं. स्पेलिंग चुकलेला एखादा कोर्स असेल तर आधी त्या संस्थेकडून प्रमाणपत्र दुरुस्त करून घ्या, मगच रेझ्युमे पाठवा.